महायुद्धांतील कोठीघर

युद्धाचा इतिहास लिहिणारे रणांगणें, तह आणि सेनापति यांचें वर्णन सविस्तर करितात. परंतु त्याच काळांत घरोघरच्या चुलीवर काय शिजत होतें, याची नोंद क्वचितच ठेवितात. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनचा जो निभाव लागला, त्यांत तेथील गृहिणींच्या कोठीघराचा वाटा मोठा होता. ती हकीकत संसार चालविणाऱ्या प्रत्येकानें ऐकण्याजोगी आहे.

युद्धापूर्वीं ब्रिटन आपल्या अन्नापैकीं निम्म्याहून बराच अधिक भाग परदेशांतून आणीत असे. गहू कॅनडांतून येई, लोणी न्यूझीलंड व डेन्मार्क येथून येई. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पेटलें आणि जर्मन पाणबुड्या मालाच्या जहाजांवर टपून बसल्या. म्हणून ८ जानेवारी १९४० पासून शिधावाटप सुरू झालें. प्रारंभीं प्रत्येक माणसास आठवड्याला डुकराचें खारविलेलें मांस ४ औंस, लोणी ४ औंस आणि साखर १२ औंस एवढेंच मिळे. जुलैपासून चहाहि २ औंसांवर आला. चार औंस म्हणजे आजच्या मापानें जेमतेम ११३ ग्रॅम. तेवढ्या लोण्यांत सात दिवसांचा पाव भागवावयाचा.

एप्रिल १९४० मध्यें लॉर्ड वूल्टन अन्नमंत्री झाले. पूर्वीं ते एका मोठ्या दुकानाचा कारभार पाहत असल्यामुळें गिऱ्हाइकाची नाडी त्यांस ठाऊक होती. हुकूम सोडल्यानें माणसाच्या जिभेची संवय बदलत नाहीं, हें जाणून त्यांच्या खात्यानें नभोवाणीचा आश्रय केला. जून १९४० पासून सकाळीं सव्वाआठ वाजतां ‘स्वयंपाकघराची आघाडी’ अशा अर्थाच्या नांवाचा पांच मिनिटांचा कार्यक्रम होऊं लागला. वेळ मोठ्या विचारानें निवडलेली होती. बाजाराला निघण्यापूर्वींच गृहिणीला कोणता जिन्नस मुबलक आहे आणि घरांत आहे त्याचें काय करतां येईल, हें कळावें असा हेतु होता. कधीं गर्ट व डेझी या नांवांनीं विनोद करणाऱ्या दोघी बहिणी बोलत, तर कधीं ‘नभोवाणीचे डॉक्टर’ चार्ल्स हिल आरोग्याचे दोन शब्द सांगत.

या शिकवणीचें सूत्र एकच होतें : कोठींत काय नाहीं याचें रडगाणें न गातां, काय आहे तें आधीं पाहावें. बटाटा, गाजर, कोबी यांवर शिध्याचें बंधन नव्हतें आणि त्यांची किंमतहि बेताची होती. बटाटा सालीसकट उकडावा. भाजी थोडक्या पाण्यांत शिजवून तें पाणी सारांत घालावें. शिळा पाव टाकून न देतां दुसऱ्या पदार्थांत लावावा. गाजराच्या गोडीनें साखर वांचवावी, असे साधे धडे होते. इंधन वांचविण्यासाठीं गवत भरलेल्या पेटीची जुनी युक्तीहि पुन्हा प्रचारांत आली. उकळी आलेलें भांडें त्या पेटींत झाकून ठेवलें कीं अन्न आपोआप शिजत राही.

या काळाची खूण म्हणून ‘वूल्टन पाय’ हा पदार्थ प्रसिद्ध आहे. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलांतील मुख्य आचाऱ्यानें तो सिद्ध केला आणि १९४१ मध्यें त्याची कृति वर्तमानपत्रांत आली. बटाटे, फुलकोबी, गाजर आणि स्वीड नांवाचें सलगमासारखें कंदमूळ प्रत्येकीं एक पौंड, थोडा पातीचा कांदा आणि ओटचें पीठ, हें सर्व दहा मिनिटें शिजवून, वर बटाट्याचें किंवा कोंड्यासह दळलेल्या कणकेचें आवरण घालून भाजावयाचें. त्यांत मांस नाहीं म्हणून लोकांनीं नाकें मुरडलीं, थट्टा केली. पण पोटें भरलीं.

या सर्वांच्या पाठीशीं शास्त्र उभें होतें. केंब्रिजमध्यें मॅकन्स आणि एल्सी विडोसन या संशोधकांनीं सहकाऱ्यांसह मुख्यतः पाव, बटाटे व कोबी यांवर सुमारें तीन महिने काढले आणि मग भर हिवाळ्यांत डोंगर चढून व सायकली हांकून आपल्या अंगच्या शक्तीची परीक्षा घेतली. त्यांची शक्ति टिकून होती. उणीव भासली ती चुन्याच्या अंशाची, म्हणजे कॅल्शियमची. म्हणून पुढें पिठांत कॅल्शियम घालण्यांत आलें. १९४२ पासून गव्हाचा ८५ टक्के भाग राखणाऱ्या पिठाचा पाव सर्वत्र सुरू झाला. तो करड्या रंगाचा पाव कोणास फारसा रुचला नाहीं, परंतु पांढऱ्या पावापेक्षां तो अधिक सकस होता.

तथापि केवळ सुगरणपणानें हें घडलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. सरकारनें पदरचा पैसा घालून मुख्य जिनसांचे भाव आवरले. जुलै १९४० पासून गरोदर स्त्रियांस व पांच वर्षांखालील मुलांस रोज एक पाइंट दूध स्वस्तांत, आणि गरिबांस फुकट मिळूं लागलें. इंग्लंड-वेल्समध्यें १९३९ सालीं हजारीं सुमारें ५१ अर्भकें दगावत. १९४५ सालीं, बाँबवर्षावाचीं वर्षें सोसूनहि, तो आंकडा ४६ वर उतरला. यासाठीं स्त्रियांनीं कारखान्यांतील पाळी करून रांगांत तासन् तास तिष्ठत काढले, हेंहि विसरतां येत नाहीं.

आणि त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या भागांत काय झालें? १९४३ सालीं बंगालमध्यें तांदळाचे भाव गगनाला भिडले. कलकत्त्यांतील कारखान्यांच्या कामगारांना धान्य पुरविण्यांत आलें; खेड्यांतील मजूर, कोळी आणि कारागीर मात्र वाऱ्यावर सुटले. दुष्काळ चौकशी समितीनें १९४५ सालीं मृतांची संख्या सुमारें १५ लाख ठरविली. पुढील अनेक अभ्यासकांनीं ती याहून पुष्कळ अधिक मानिली. त्या बंगाली गृहिणींचा हात कांहीं कमी सढळ वा कमी कुशल नव्हता. मूठभर तांदुळांत घर जगविण्याची विद्या त्यांस पिढ्यान् पिढ्या अवगत होती. पण कोठींत मूठभरहि उरले नाहींत, तेथें विद्या काय करणार?

ब्रिटनमधील शिधावाटप ४ जुलै १९५४ रोजीं, मांसावरील बंधन उठतांच, संपलें. त्या चौदा वर्षांचा बोध दुपदरी आहे. घरांतील धान्य, डाळ, कंद नीट ओळखून शिजविले तर थोड्या खर्चांतहि कुटुंब निरोगी राहतें. भाजणीच्या थालिपीठांत धान्य व डाळ एकत्र भाजून दळणाऱ्या मराठी गृहिणीला हें निराळें सांगावयास नको. परंतु काटकसर हा सद्‍गुण शोभतो तो ज्याच्या कोठींत कांहीं आहे त्यास. प्रत्येकाच्या कोठींत तें कांहीं तरी पोहोंचविणें, हें गृहिणीचें नव्हे, राज्यकर्त्यांचें काम आहे.