तेंदूचे पान, पत्र्याचा फर्मा आणि कतरणीचा हिशेब

गोंदियातील बिडी कामगार स्त्रीपुढे रोज एक भूमितीचा प्रश्न येत असे. रात्री भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेले तेंदूचे पान ती हातात घेई, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवी आणि कडेने कात्री फिरवी. फर्मा चौकोनी; पान मात्र लंबगोल, कुठे किडीचे भोक, कुठे डाग, मधोमध जाड शीर. शीर आणि डाग चुकवून फर्मा कसा ठेवावा? तिरका धरला तर दुसरा तुकडा निघेल का? प्रत्येक पानाचे उत्तर निराळे आणि ते क्षणार्धात द्यायचे.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. भोवताली तेंदूची जंगले, मुंबई–हावडा लोहमार्ग आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे निघालेली अरुंद रेल्वे, यांमुळे येथे बिडीचा धंदा फोफावला. गुजरातेतून आलेल्या पटेल कुटुंबांनी त्यात मोठे भांडवल घातले.

हाच प्रश्न गणितात आला तो लाकूड, काच आणि पत्र्याच्या निमित्ताने. लेनिनग्राडचे लिओनिद कान्तोरोविच यांच्याकडे प्लायवूड उद्योगाने यंत्रांच्या कामवाटपाचा प्रश्न आणला. त्यातून 1939 साली सिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेत कापताना वाया जाणारा माल कमीत कमी कसा ठेवावा, याचाही विचार होता. 1961 मध्ये गिलमोर आणि गोमोरी यांनी ठरावीक लांबीच्या मालातून तुकडे कापण्यासाठी प्रभावी रीत दिली. वेड्यावाकड्या आकारांचे कोडे त्याहून कठीण. सर्व प्रसंगी झटपट अचूक उत्तर देणारी रीत त्याला आजही नाही. कान्तोरोविच यांना 1975 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या सर्व मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : वाया गेलेला माल मालकाचा, म्हणून तोटाही त्याचाच. बिडीच्या धंद्यात मात्र हिशेब उलटा होता. सट्टेदार हजार बिड्यांच्या मापाने पाने आणि तंबाखू मोजून देई व परत हजार बिड्या मागे. पाने फाटकी, किडकी निघाली तर उणीव कामगाराने भरायची : मजुरीतून कपात सोसायची, नाहीतर पदरच्या पैशाने पाने विकत आणायची. वर 'छाट' म्हणून नाकारलेल्या बिड्यांचा फटका वेगळाच. कात्रीचे कसब जितके अधिक, तितकी सट्टेदाराची कंजुषी झाकली जाई, हे त्यातले विशेष क्रूर वळण.

1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याच्या 39 व्या कलमाने कच्चा माल देणे, बिड्या नाकारणे आणि नाकारलेल्या बिड्यांची मजुरी या तिन्ही वादांचा स्पष्ट उल्लेख केला आणि त्यांच्या झटपट निवाड्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीवर साधारणतः शेकडा 5 ची मर्यादा घातली. मालक न्यायालयात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

छाटीला अशी निदान आकड्याची मर्यादा मिळाली. नाकारलेली बिडी मोजता येते. मिळालेले पान मुळात कसे होते, हे ते कापून झाल्यावर दाखवायचे कशावरून?