जंजिरा: मालिकेत दिसला तो, आणि होडीतून दिसतो तो

आपल्या परभणीकडे मोठं पाणी म्हणजे गोदावरी, नाहीतर येलदरीचं धरण. त्यामुळे झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये जंजिऱ्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा आपल्याकडच्या घराघरांत एकच प्रश्न होता. किनाऱ्यावरून एवढा जवळ दिसणारा किल्ला मराठ्यांना घेता कसा आला नाही?

मालिका बघून मुरूडला जाणाऱ्यांची कमी नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी मिळते, पावसाळ्यात ती बंद असते. होडीत बसलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. किल्ल्याची तटबंदी थेट पाण्यातून वर येते. पाय रोवायला खाली जमीनच नाही. आणि मुख्य दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो बुरुजांच्या आड लपलाय. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. म्हणजे चारी बाजूंनी खारं पाणी असलं तरी आतला माणूस तहानेनं शरण येणार नाही. कलालबांगडी तोफेजवळ सेल्फीची गर्दी असते, पण मला विचाराल तर खरी तोफ म्हणजे ते तलाव.

मालिकेत कोंडाजी फर्जंद बघून सगळे हळहळले. हे तेच कोंडाजी, ज्यांनी 1673 मध्ये साठेक माणसांनिशी पन्हाळा घेतला होता. फितुरीचं नाटक करून जंजिऱ्यात शिरायचं आणि दारूकोठार उडवायचं, असा बेत होता. तो फुटला आणि कोंडाजी मारले गेले. मग 1682 च्या सुरुवातीला संभाजी महाराज स्वतः उतरले. तोफांचा मारा झाला, तेवढ्यानं भागेना, तेव्हा खाडीत दगडमाती टाकून किल्ल्यापर्यंत रस्ता करायचं काम सुरू झालं. समुद्र बुजवायला काढला राव!

पण तो बांध अपुरा का राहिला, याचं उत्तर समुद्रात नाही. ते आपल्या बाजूला आहे. औरंगजेब 1681 च्या अखेरीस बुऱ्हाणपुरात आला होता, मार्च 1682 मध्ये औरंगाबादेत पोचला. त्याचा सरदार हसन अली खान मोठी फौज घेऊन घाट उतरून कल्याणकडे आला. कल्याण गेलं तर रायगडाला धोका. महाराजांना जंजिरा दादाजी रघुनाथांवर सोपवून परत फिरावं लागलं. सिद्दी चिवट होताच, पण त्या वर्षी त्याला वाचवलं ते दख्खनच्या पठारावर उतरलेल्या मोगली फौजेनं.

आता एक तक्रार. जंजिरा करून लोक थेट गाडीत बसतात आणि मुरूडसमोरचा पद्मदुर्ग राहून जातो. जंजिऱ्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी कांसा बेटावर तो बांधला, राजपुरीसमोर जणू दुसरी राजपुरीच. 18 जानेवारी 1675 चं त्यांचं एक पत्र आहे, प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलेलं. पद्मदुर्गाच्या कामाला पैसा आणि धान्य वेळेवर पोचलं नाही म्हणून त्यात कडक कानउघाडणी केलीये. तलवारी, गनिमी कावा सगळं ठीक, पण बेटावरच्या माणसाला दाणा पोचला नाही तर किल्ला उभा राहत नाही, हे त्या पत्रात स्वच्छ दिसतं. मालिकेत असा कागद फार वेळ टिकत नाही, साहजिक आहे.

पद्मदुर्गाच्या तटाकडे नीट बघा. खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजलेत, पण दोन दगडांमधला चुना अजून तसाच पुढे आलेला दिसतो. आणि लाय पाटलांची गोष्टही इथलीच. 1676 च्या स्वारीत या कोळी पुढाऱ्यानं साथीदारांसह रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची फौज वेळेत पोचली नाही आणि उजाडायच्या आत परत फिरावं लागलं. परंपरा सांगते की, महाराजांनी त्यांना पालखीचा मान दिला, तर ते म्हणाले, आम्ही दर्यात फिरणारी माणसं, पालखी घेऊन काय करू? मग त्यांना एक गलबत दिलं, आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’.

राजपुरीहून होडीत बसाल, तेव्हा शीड सांभाळणाऱ्या काकांना ही गोष्ट विचारून बघा.