लॉक कोणाचा, खोळंबा कोणाचा?

डेटाबेस हँग झाल्याची ओरड होते, पण सीपीयू निवांत असतो, डिस्कवरही काही ताण नसतो आणि क्वेऱ्या मात्र परत येत नाहीत. अशा वेळी पहिला संशय लॉकवर घ्यावा, कारण लॉकची वाट पाहणारे सेशन काहीच काम करत नसते. हे विवेचन पोस्टग्रेसपुरते आहे. इतर सर्व्हरांवर तत्त्व तेच असले तरी तपशील बदलतात.

पोस्टग्रेस ओळ बदलताना तिची जुनी आवृत्ती ठेवून देते. त्यामुळे नुसते वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही आणि लिहिणाराही वाचणाऱ्याला अडवत नाही. टेबलावर लागणारे लॉक 8 प्रकारचे आहेत. साधा सिलेक्ट त्यांतला सर्वांत सौम्य, ‘अ‍ॅक्सेस शेअर’ घेतो आणि त्याचे फक्त ‘अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह’शी पटत नाही. हा सर्वांत कडक लॉक ड्रॉप, ट्रंकेट आणि अल्टर टेबलच्या बऱ्याच रूपांना लागतो. मधल्या सहांचा तक्ता पाठ करण्यात फारसा अर्थ नाही.

खरी गोम रांगेत आहे. समजा, 3610 क्रमांकाच्या सेशनने ट्रान्झॅक्शन उघडून ऑर्डरच्या टेबलावर एक सिलेक्ट चालवला आणि कमिट न करताच ते बसून राहिले. क्वेरी संपली, पण तिचा लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. मग 3987 ने त्याच टेबलात एक कॉलम वाढवायला घेतला. काम क्षणाचे, पण 3610 मुळे ते थांबले. त्यानंतर आलेला प्रत्येक सिलेक्ट, ज्याचे 3610 शी काहीच वाकडे नाही, तोही 3987 च्या मागे उभा राहतो, कारण पुढच्याच्या मागणीशी त्याची मागणी जुळत नाही. दोन-चार मिनिटांत कनेक्शन पूल भरतो आणि साइट बंद. सगळे बोट अल्टरकडे दाखवतात. तो रद्द केला की रांग लगेच सुटते, म्हणून निदान बरोबर होते असे वाटते. पुन्हा चालवला की पुन्हा तेच.

म्हणून तपास रांगेच्या शेपटाकडून डोक्याकडे न्यावा. ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये ज्यांचा वेट इव्हेंटचा प्रकार ‘लॉक’ आहे ती सेशन्स घ्यावीत आणि प्रत्येकावर 9.6 पासून मिळणारे ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ हे फंक्शन चालवावे. ते रांगेत पुढे असलेल्या अडवणाऱ्यालाही धरते. सिलेक्टवरून 3987, तिथून 3610, आणि 3610 साठी रिकामी यादी आली की मूळ सापडले. तिथे बहुधा ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ ही अवस्था दिसते. समोर दिसणारी क्वेरी शेवटची असते. लॉक तिच्या आधीच्या एखाद्या क्वेरीने घेतलेला असू शकतो. तेव्हा क्वेरीपेक्षा ट्रान्झॅक्शन कधी सुरू झाले ती वेळ जास्त बोलकी.

ओळीवरच्या लॉकची गोष्ट निराळी. त्याची नोंद डिस्कवर त्या ओळीतच होते, त्यामुळे ‘पीजी_लॉक्स’मध्ये नेमकी ओळ शोधणे व्यर्थ आहे. वाट पाहणारा तिथे समोरच्याच्या ट्रान्झॅक्शन क्रमांकावर थांबलेला दिसतो.

डेडलॉकला लोक उगाच घाबरतात. एरवीच्या सेटिंगमध्ये 1 सेकंद थांबल्यावर पोस्टग्रेस स्वतःच फास तपासते आणि एका ट्रान्झॅक्शनचा बळी देते. सगळीकडे टेबले आणि ओळी एकाच क्रमाने हाताळल्या तर ती वेळच सहसा येत नाही.

3610 वर ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ चालत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नाही. तिथे ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’च लागते. अल्टर चालवण्याआधी त्या सेशनपुरता ‘लॉक_टाइमआउट’ दोन-तीन सेकंदांचा ठेवावा: लॉक मिळाला नाही तर अल्टर फसेल, पण साइट चालू राहील. ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ मुळात 0, म्हणजे बंद असतो. तो लावताना अ‍ॅपवाले कुरकुर करतील, तरी लावावा. ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट पाहणारा कोड हुडकायचा तर ‘लॉग_लॉक_वेट्स’ही चालू करावे, म्हणजे लांबलेली प्रत्येक प्रतीक्षा, ती अडवणाऱ्याच्या क्रमांकासह, लॉगमध्ये मिळते.