विस्मरणाची सक्ती : दूरचित्रवाणी मालिकांतील एका क्लृप्तीचा इतिहास

पात्राची स्मृती पुसून टाकण्याची क्लृप्ती इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकांमध्ये शोकांतिकेचे साधन बनण्यापूर्वी मुख्यतः लेखनाची सोय होती. साठच्या दशकातील अमेरिकी मालिकांचे बहुतेक भाग स्वयंपूर्ण असत आणि क्रम न सांभाळता दाखवता येत, त्यामुळे नायकावर कितीही मोठा आघात झाला तरी पुढच्या आठवड्यात तो पूर्ववत उभा राहणे भाग असे. १९६९ मध्ये ‘स्टार ट्रेक’च्या एका भागाअखेर प्रेमभंगाने खचलेल्या कॅप्टन कर्कच्या मनातून त्याचा सहकारी स्पॉक ते दुःख स्पर्शाने काढून टाकतो, त्यात मित्राची करुणा आहे आणि मालिकेची निकडही.

त्याच वर्षी बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ने या सोयीतला क्रूरपणा उघड केला. माल्कम हल्क आणि टेरन्स डिक्स यांच्या ‘द वॉर गेम्स’ या दहा भागांच्या कथेत टाइम लॉर्ड, म्हणजे मालिकेचा कालप्रवासी नायक डॉक्टर याचे काळावर हुकूमत असलेले जातभाई, त्याच्या सहप्रवाशांना केवळ पहिल्या भेटीची आठवण ठेवून स्वगृही धाडतात. १७४६ च्या कलोडनच्या लढाईतून आलेला स्कॉटिश तरुण जेमी त्याच रणभूमीवर परततो, आणि गोळी झाडणाऱ्या इंग्रज सैनिकावर तलवार उपसून धावून जातो. मधल्या प्रवासाने शिकवलेले काहीच त्याच्यापाशी उरलेले नसते.

मात्र विस्मरण एकटे चुकीची पुनरावृत्ती घडवत नाही; ज्याला सारे आठवते त्याच्या तोंडाला कुलूप असावे लागते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या १९९१ मधील ‘क्लूज’ या भागात एका परग्रहवासी जमातीपासून वाचण्यासाठी यानावरील सर्वांची एका दिवसाची स्मृती पुसली जाते. यंत्रमानव डेटाला सारे ठाऊक असते, पण कॅप्टनच्याच आज्ञेने तो बांधलेला असतो. प्रयोगातले शेवाळ प्रमाणाबाहेर वाढलेले पाहून इतरांचे कुतूहल जागे होते आणि यान पुन्हा त्याच संकटाच्या दारात जाते.

‘डॉक्टर हू’मधील डोना नोबलच्या कथेत हे मौन सर्वांत जाचक ठरते. लंडनमध्ये हंगामी कारकुनी करणारी डोना २००६ मध्ये प्रथम दिसते तेव्हा आकाशातले परग्रहवासीयांचे यान तिच्या नजरेतून निसटलेले असते, कारण त्या दिवशी आदल्या रात्रीच्या दारूने तिचे डोके जड झालेले असते. २००८ च्या प्रवासात ती बघायला शिकते, इतकी की कित्येकदा डॉक्टरलाही भानावर आणते. पण तिच्यात उतरलेले टाइम लॉर्डचे ज्ञान मानवी मेंदूला पेलणारे नसल्याने डॉक्टर तिच्या विनवण्या न जुमानता सारे पुसतो, आणि आठवण जागी झाली तर ती जळून मरेल, अशी ताकीद घरच्यांना देतो. आकाशात ग्रह दिसल्याची चर्चा सर्वत्र चालू असताना ती फोनवर गप्पा छाटते, आणि आजोबा विल्फ्रेड समोर असूनही तिला काही सांगू शकत नाही. जीव वाचवण्याच्या नावाखाली संमती डावलणाऱ्या डॉक्टरला लेखकांनी तेव्हा बरेच सौम्यपणे वागवले. २०१५ मध्ये क्लारा ही सहप्रवासी आपला भूतकाळ हिरावू देण्यास साफ नकार देते, आणि शेवटी स्मृती गमावतो तो डॉक्टरच.

२०२३ मध्ये डोना परतते तेव्हाही कोसळणारे यान तिला दिसत नाही. परंतु लॉटरीत मिळालेली प्रचंड रक्कम तिने दानधर्मात वाटून टाकलेली असते, आणि तिची मुलगी रोझ आईने कधीच न वर्णिलेल्या राक्षसांची खेळणी शिवून विकत असते.