टॅलीचा लाल दिवा

आरसीए कंपनीचे इमेज ऑर्थिकॉन कॅमेरे १९४६ च्या सुमाराला अमेरिकेत वापरात आले. त्यांना झूम नव्हता. पुढच्या बाजूला फिरती तबकडी आणि तिच्यावर चार लेन्स. लांबच्या दृश्यावरून चेहऱ्यावर यायचं, तर कॅमेरामन मागचा दांडा फिरवून दुसरी लेन्स समोर आणायचा आणि फोकस नव्याने जुळवायचा. तेवढ्या वेळात चित्र गरकन फिरून पुसट व्हायचं. कॅमेरा ऑन एअर असताना दांड्याला हात लागला, की हा सगळा प्रकार घरोघरी दिसणार. हेडफोनवर डायरेक्टर असायचा खरा, पण तो एकाच दमात सगळ्या कॅमेऱ्यांशी बोलायचा. कॅमेरा ऑन एअर असताना पेटणाऱ्या टॅलीच्या लाल दिव्याची निकड इथे कळते. कॅमेऱ्याच्या पुढचा दिवा निवेदकाला कुठे बघायचं ते सांगतो, तर व्ह्यूफाइंडरजवळचा दिवा कॅमेरामनला सांगतो, 'आता दांड्याला हात लावू नकोस.'

कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र ऑन एअर जाणार ते स्विचर ठरवतो; रिलेवर चालणाऱ्या स्विचरमध्ये या दिव्याची जोडणी अगदी सरळ होती. दोन नंबरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं, की रिलेच्या संपर्कांची एक जोडी चित्राचा मार्ग जोडायची आणि दुसरी जोडी दिव्याचं सर्किट पूर्ण करायची. कॅमेऱ्याच्या जाड बहुतारी केबलमधून तो प्रवाह थेट दिव्यापर्यंत जायचा. दिवा लावायला वेगळा माणूस नको, त्यामुळे विसरण्याचा प्रश्नच नाही. या रचनेचं मला फार कौतुक वाटतं.

एका चित्रावरून दुसऱ्यावर कट करायचं, तोवर हे पुरेसं होतं. डिझॉल्व्हमध्ये मात्र काही क्षण दोन्ही चित्रं पडद्यावर असतात, म्हणून दोन्ही दिवे लागायला हवेत. क्रोमा कीमध्ये निवेदक एका कॅमेऱ्याचा आणि त्याच्या मागचं दृश्य दुसऱ्याचं, म्हणजे तिथेही दोन. मोठ्या स्विचरमध्ये तर चित्रं मिसळणारे मिक्स-इफेक्टचे अनेक विभाग असतात आणि एकाचं तयार चित्र दुसऱ्याला इनपुट म्हणून जातं. मग प्रोग्रॅमच्या, म्हणजे ऑन एअर जाणाऱ्या चित्राच्या, रांगेत पेटलेल्या बटणावर कॅमेऱ्याचा नंबरच नसतो! अशा वेळी प्रोग्रॅमपासून उलटं मागे जात, या क्षणी कुठला कॅमेरा चित्रात मिसळलेला आहे, ते स्विचरलाच शोधावं लागतं. मॅचच्या प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनमध्ये कॅमेरे आणि स्विचर यांच्या दरम्यान सिग्नल वळवणारा राउटरही असतो, त्यामुळे त्याची जोडणीही हिशेबात धरावी लागते. एका संपर्काच्या जोडीचं काम अशा रीतीने गणिताकडे गेलं. पुढे कोण येणार हे दाखवणारा प्रीव्ह्यूचा हिरवा दिवाही आता बऱ्याच ठिकाणी असतो.

नाटकाच्या चित्रीकरणात मात्र पुढचा दिवा मुद्दाम बंद ठेवतात किंवा त्यावर काळी टेप चिकटवतात. नटाची नजर त्याकडे जाते, आणि चष्म्याच्या काचेत किंवा मागच्या तसबिरीत लाल ठिपका उमटतो. व्ह्यूफाइंडरमधली खूण तेवढी चालू राहते.

लहान स्विचरला घरगुती कॅमेरे एचडीएमआयने जोडले, तर बहुतेकांपर्यंत टॅली पोहोचतच नाही. लग्न-कीर्तनाच्या लाइव्हला म्हणूनच ट्रायपॉडवर मोबाइल अडकवण्याची सोय कामी येते. सॉफ्टवेअर वायफायवरून त्याचा पडदा लाल करतं, आणि कॅमेरामन झूमवरचं बोट उचलतो.