पाच हजारांच्या नोटेवरची दुकानदारीण

जपानात येऊन मला महिनाही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. एटीएममधून पैसे काढले, त्यात पाच हजार येनची एक नोट आली. दहा हजारांच्या आणि एक हजाराच्या नोटेवर गंभीर चेहऱ्याचे पुरुष, या नोटेवर मात्र एक तरुण बाई! लॅबमधल्या जपानी मित्राला विचारलं. तो म्हणाला, "हिगुची इचियो. लेखिका. चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. सगळं आयुष्य कर्जात काढलं." मग नोटेवर तिलाच का छापलं, असं विचारल्यावर तो नुसता हसला.

ती नोट २००४ ते २०२४ या काळात निघत होती. बँक ऑफ जपानच्या नोटेच्या दर्शनी बाजूवर आलेली इचियो ही पहिली स्त्री. पण आज तिची आठवण निघाली ती वेगळ्या कारणाने. पुण्याच्या एका मित्राने विचारलं, "अरे, आपल्या जयवंत दळवींच्या 'चक्र'सारखी, झोपडपट्टीचं काहीही न लपवता चित्र काढणारी कादंबरी जपानीत आहे का?" मला वाटलं, दोन ओळींत उत्तर देता येईल. प्रत्यक्षात ते बरंच लांबलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. फ्रान्समध्ये एमिल झोलाने १८७७ साली 'लासोम्वार' लिहिली. पॅरिसच्या गरीब वस्तीतली एक धोबीण, छपरं घालणारा तिचा नवरा, त्याचं दारूत बुडणं आणि पाठोपाठ तिचंही. झोलाचं म्हणणं असं की माणूस कसा होणार हे त्याचं रक्त आणि त्याचा परिसर ठरवतात. लेखकाने प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञासारखं नुसतं निरीक्षण करावं. हाच तो निसर्गवाद. त्या काळचा जपान पश्चिमेकडून आगगाडीपासून राज्यघटनेपर्यंत सगळं आणत होता, तसा हाही आणला. कोसुगी तेंगाईने १९०० साली झोलाच्या 'नाना'वरून कादंबरी रचली, १९०२ साली नागाई काफूने 'नरकाचे फूल' लिहिली.

मग १९०६ साली आली शिमाझाकी तोसोनची 'हाकाई'. तिचा नायक शाळामास्तर. तो बुराकु समाजातला, म्हणजे जपानमधल्या अस्पृश्य मानलेल्या जातीतला, आणि जात लपवून जगणारा. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. आता जपानी निसर्गवाद समाजाच्या तळापर्यंत जाणार, असं वाटत होतं. पण पुढच्याच वर्षी तायामा काताईची 'फुतोन' आली. फुतोन म्हणजे जमिनीवर अंथरायची गादी. घर सोडून गेलेल्या शिष्येच्या अंथरुणात तोंड खुपसून रडणारा मध्यमवयीन लेखक हा तिचा नायक, आणि तो म्हणजे बव्हंशी स्वतः काताईच! ही कादंबरी इतकी गाजली की सगळा प्रवाहच तिकडे वळला. जपानी निसर्गवाद वस्तीत शिरण्याऐवजी लेखकाच्या खोलीत जाऊन बसला.

मग वस्तीबद्दल कोणी लिहिलं? कादंबरीकारांच्या कितीतरी आधी एका वार्ताहराने. मात्सुबारा इवागोरो हा 'कोकुमिन शिम्बुन'चा बातमीदार. तोक्योच्या गरीब वस्त्यांत राहून, पडेल ते काम करून त्याने लेख लिहिले आणि १८९३ साली त्यांचं 'सर्वांत अंधारं तोक्यो' हे पुस्तक झालं. त्यातला सामेगाहाशी वस्तीचा भाग वाचून माझा घास घशात अडकला होता. या वस्तीजवळ लष्करी अधिकाऱ्यांचं विद्यालय होतं (आज तिथे संरक्षण मंत्रालय आहे). तिथल्या पोरांच्या ताटातलं आणि भांड्यांतलं उरलेलं अन्न मागच्या दाराने विकत घेऊन वस्तीत विकायचं, हा रीतसर धंदा होता. मात्सुबारा अशा दुकानात नोकरीला राहिला. गाडी आली की बायका-पोरं भांडी घेऊन धावत. करपलेल्या भाताला 'वाघाचं कातडं' म्हणत. एकदा तीन दिवस पुरेसं अन्न उरलंच नाही, तेव्हा डुकरांना घालायच्या लायकीचं खरकटंही आपण आणून विकलं, असं तो कबूल करतो.

पण मात्सुबाराकडे परतीचं तिकीट होतं. इचियोकडे ते नव्हतं.

वडील १८८९ साली धंद्यात बुडून वारले आणि सतराव्या वर्षी घरकर्तेपण तिच्यावर आलं. आई, धाकटी बहीण आणि कर्ज. शिवणकाम आणि धुणी यांवर भागेना. लिहून पोट भरेना. शेवटी जुलै १८९३ मध्ये तिघी र्‍यूसेनजी भागात राहायला गेल्या. योशिवारा ही तोक्योची परवाना असलेली वेश्यावस्ती, तिच्या खंदकाला लागून हा भाग. चाळीतली अर्धी जागा, भाडं महिना दीड येन. तिथे तिने दुकान थाटलं: मेणबत्त्या, साबण, पोरांसाठी पैशा-दोन पैशांचा खाऊ. म्हणजे ज्या सालात मात्सुबाराचं पुस्तक निघालं, त्याच सालात ती गल्ल्यावर बसली होती.

तिची रोजनिशी वाचताना माझ्यातला इंजिनियर खूश झाला. योशिवाराकडे जाणाऱ्या रिक्षा (माणसाने ओढायच्या) रात्री तिच्या दारावरून जात. एका रात्री तिने त्या मोजल्या. दहा मिनिटांत ७५. त्यावरून तासाला पाचशे, असा तिने अंदाज बांधला. गणिताने ४५० येतात, पण नमुना घेऊन अनुमान काढायची पद्धत अगदी बरोबर! झोलाला हवा होता तो प्रयोगशाळेतला निरीक्षक हाच. फक्त याने प्रयोगशाळा निवडलेली नव्हती, भाडं परवडलं म्हणून तो तिथे होता.

दुकान चाललं नाही. मे १८९४ मध्ये ते बंद करून तिघींनी बिऱ्हाड हलवलं. त्या दहाएक महिन्यांतून 'ताकेकुराबे' निघाली. अर्थ साधारण 'उंची मोजून बघणं', मुलं पाठीला पाठ लावून बघतात तसं. जानेवारी १८९५ ते जानेवारी १८९६ ती मासिकात क्रमशः आली.

गोष्ट मुलांची आहे. चौदा वर्षांची मिदोरी, सावकारीण आजीचा नातू शोता, देवळातल्या भिक्षूचा मुलगा शिन्न्यो, रिक्षावाल्याचा सांगोरो. मोठी माणसं काय करतात? कोणी जत्रेत विकायच्या वस्तू बनवतं, कोणी रिक्षा ओढतं, कोणी व्याजाने पैसे देतं. पैसा येतो तो मात्र खंदकापलीकडून. मिदोरीची थोरली बहीण तिथली नावाजलेली वेश्या, त्यामुळे मिदोरीच्या हातात पैसा खुळखुळतो. ती वीस मैत्रिणींना एकसारखे रबरी चेंडू वाटते आणि ओळखीच्या दुकानात धूळ खात पडलेली खेळणी विकत घेऊन टाकते. ही न खपलेली खेळणी मला त्या पुस्तकातली सगळ्यात खरी गोष्ट वाटते. खोलीत बसलेल्या लेखकाला ती सुचणार नाहीत. ज्याचा माल अडकून राहिला आहे त्यालाच त्या गिऱ्हाइकाचं मोल कळतं.

शेवटी नोव्हेंबरच्या जत्रेच्या दिवशी मिदोरी मोठ्या बाईसारखी केशरचना करून येते आणि तिला कोणाच्या नजरेला नजर देता येत नाही. खेळणं संपलं. काय झालं ते इचियो सांगत नाही. मुलगी वयात आली एवढंच, की तिला पहिलं गिऱ्हाईक दाखवलं, यावर १९८०च्या दशकात जपानी समीक्षकांत मोठा वाद झाला. मला विचाराल तर दोन्हींत अंतर फारच थोडं. या वस्तीत मुलगी मोठी झाली याचा अर्थ ती विकायच्या मालात धरली गेली, एवढाच होतो. दुकानात बसलेल्या बाईला हे न सांगताही माहीत होतं.

एप्रिल १८९६ मध्ये गोष्ट पुन्हा एकत्र छापली गेली, तेव्हा मोरी ओगाईने तिची वारेमाप स्तुती केली. ओगाई लष्करी डॉक्टर आणि मोठा लेखक. त्याचा मुद्दा असा, की झोलाच्या नकलाकारांच्या पुस्तकांत जनावरासारखी माणसं भेटतात, इथे मात्र आपण ज्यांच्याबरोबर हसतो-रडतो अशी खरी माणसं आहेत. इचियोला तेव्हा क्षयाने गाठलं होतं. २३ नोव्हेंबर १८९६ ला ती गेली.

मध्यंतरी एका रविवारी मिनोवा स्टेशनवर उतरून तिथे जाऊन आलो. दुकानाच्या जागेच्या खुणेला एक दगड आहे, जवळच तिच्या नावाचं संग्रहालय. खंदक कधीच बुजला आहे. वेश्याव्यवसायबंदीच्या कायद्याने १९५८ साली योशिवाराचा परवानाही गेला (धंदा गेला असं मात्र म्हणता येणार नाही). गल्लीत दोन पोरं चेंडू खेळत होती, त्यांच्याकडे बघत जरा वेळ थांबलो.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: अगदी 'चक्र'सारखी नाही. पण त्या वस्तीवरचं मला माहीत असलेलं सर्वांत खरं पुस्तक निसर्गवाद्यांनी लिहिलं नाही. जी बाई तिथे मेणबत्त्या आणि खाऊ विकत होती, तिने लिहिलं. आणि सरकारने तिला छापलं ते नोटेवर, जी तिच्या दुकानात कोणी मोडायला आणली असती तर तिच्याकडे सुटे निघाले नसते.