बर्फ सुटण्याची तारीख

राजांच्या कारकिर्दीला दप्तरे असतात. वसंताला सहसा नसतात. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील सरोवरांपाशी मात्र वसंताचे दप्तर सापडते, आणि त्याचा एक मोठा भाग राखला गेला तो बोटींच्या आणि लाकडी धक्क्यांच्या गरजेपोटी.

या सरोवरांवर हिवाळ्यात जाड बर्फ धरतो. पाण्यात रोवलेल्या खांबाला तो घट्ट आवळतो आणि पाण्याची पातळी वाढली की खांबालाही आपल्याबरोबर वर उचलतो. तापमानाच्या चढउतारांनी प्रसरण पावत तोच बर्फ काठाकडे रेटा देतो. म्हणून हलके धक्के थंडीपूर्वीच सोडवून काठावर रचून ठेवतात. कायमच्या धक्क्यांसाठी ओंडक्यांचे चौकोनी सांगाडे दगडांनी भरून पाण्यात बसवण्याची जुनी रीत आहे. बर्फ गेला की उन्हाळी हंगामाची तयारी सुरू होते. कललेले खांब सरळ करायचे, ढासळलेले दगड पुन्हा भरायचे, कुजलेल्या फळ्या बदलायच्या, सैल बोल्ट आवळायचे, तरंगत्या भागांच्या साखळ्या तपासायच्या. हे सारे काम ज्या दिवसाची वाट पाहते त्याला तिकडे 'आइस-आउट' म्हणतात. आपण त्याला बर्फ सुटण्याचा दिवस म्हणू.

न्यू हॅम्पशरमधील विनिपसॉकी सरोवरावर हा दिवस १८८७ पासून नोंदला जात आहे. त्याचा रूढ निकष पूर्णपणे व्यावहारिक आहे. 'माउंट वॉशिंग्टन' ही प्रवासी बोट ऑल्टन बे, सेंटर हार्बर, वीअर्स बीच, मेरेडिथ आणि वुल्फबरो या पाचही धक्क्यांना बर्फाच्या अडथळ्याविना लागू शकली पाहिजे. १८७२ मध्ये पाण्यात उतरलेली या नावाची मूळ आगबोट डिसेंबर १९३९ मध्ये वीअर्सच्या धक्क्यालाच जळाली. शेजारच्या रेल्वे स्थानकाची आग तिच्यापर्यंत पोचली आणि पाणी उतरल्याने तळ चिखलात रुतलेली बोट हलवता आली नाही. शँप्लेन सरोवरावरील एका जुन्या बोटीचा सांगाडा आणून १९४० मध्ये त्याच नावाची नवी बोट उभी राहिली. बोट बदलली, तारखांची यादी चालू राहिली. तिच्यातील सर्वांत उशिराची तारीख १८८८ मधील १२ मे ही आहे. २०१६ मध्ये बर्फ १८ मार्चलाच सुटला आणि २०२४ मध्ये तोही उच्चांक मोडला.

साहित्याच्या अभ्यासकाला या यादीशी कर्तव्य काय? उत्तरासाठी थोरोच्या 'वॉल्डन'कडे (१८५४) वळावे लागते. दुर्गाबाई भागवतांच्या 'वॉल्डनकाठी विचारविहार' या अनुवादामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला परका नाही. त्यातील वसंताच्या प्रकरणात थोरो तळे पूर्ण मोकळे झाल्याच्या सात तारखा देतो : १८४५ मध्ये १ एप्रिल, १८४६ मध्ये २५ मार्च, १८४७ मध्ये ८ एप्रिल, १८५१ मध्ये २८ मार्च, १८५२ मध्ये १८ एप्रिल, १८५३ मध्ये २३ मार्च आणि १८५४ मध्ये सुमारे ७ एप्रिल. सप्टेंबर १८४७ मध्ये त्याने झोपडी सोडली, म्हणजे नंतरच्या चार नोंदी तळ्याकाठचा मुक्काम संपल्यावरच्या आहेत. वर्गात हा परिच्छेद आपण बहुधा ओलांडून जातो. पण रिचर्ड प्रिमॅक या जीवशास्त्रज्ञाने हवामानबदलाच्या अभ्यासात थोरोच्या अशाच नोंदी आधाराला घेतल्या. सात तारखांची सरासरी २ एप्रिलच्या आसपास येते. २०१२ मध्ये वॉल्डनचा बर्फ २९ जानेवारीलाच गेला होता.

याच ग्रंथातील बर्फाचा दुसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. अमेरिकी तळ्यांचा बर्फ जहाजांनी १८३३ मध्ये कलकत्त्यास आणि पुढे मुंबईसही येऊ लागला होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात शंभर मजूर वॉल्डनवर बर्फ कापायला आले, तेव्हा मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक आपल्याच विहिरीचे पाणी पिणार, अशी कल्पना थोरोने केली. वॉल्डन आणि गंगेच्या संगमाची ती प्रतिमा आपण आवडीने उद्धृत करतो. मात्र त्याच प्रकरणात थोरो हेही नोंदवतो की अंदाजे दहा हजार टनांच्या त्या ढिगाचा थोडाच भाग नेला गेला. उरलेला सप्टेंबर १८४८ पर्यंत वितळत राहिला आणि तळ्याला आपले पाणी बहुतांशी परत मिळाले.

प्रतिमा आणि नोंद यांना थोरोने एकाच पुस्तकात शेजारी बसवले आहे. आपण प्रतिमा तेवढी शिकवली, तर मुंबईला बर्फ पाठवणारा वॉल्डन विद्यार्थ्याच्या लक्षात राहतो आणि प्रत्यक्षातला वॉल्डन निसटतो. ऋतुवर्णन ही आपल्याकडे दीर्घकाळ संकेतांची बाब राहिली. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्र'चे मोल हे की तिथे महिन्यामहिन्याचे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. धक्क्याच्या फळ्या ठोकणाऱ्याला संकेताचा वसंत चालत नाही. त्याला यंदाचा वसंत कधी येतो हे पाहावे लागते, आणि त्या पाहण्याची तारीख मागे उरली की पुढच्या शतकाला ती पुरावा म्हणून वाचता येते.